झेंडावंदनाला कुणी ‘कसलं स्वातंत्र्य?’ विचारलं तर

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत सेक्रेटरी कुणीही असो, १५ ऑगस्टची दोरी माझ्याकडे असते. यंदा कमिटी नवी आहे, म्हणून लिहून ठेवतेय.

आधी दोरीचंच. पावसाळ्यात सुती दोरी फुगून कप्पीत अडकते, नायलॉनची घ्या आणि आदल्या संध्याकाळी रिकामी ओढून बघा. घडी घालताना केशरी पट्टा वर येईल ना, हे दोघांनी तपासा. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेत मुभा आहे. चॉकलेटं नकोत, कुणी कितीही सुचवू दे. गाठ सरकफासाची मारा, एका हिसक्यात सुटली पाहिजे.

हे झालं सोपं. खरी परीक्षा चहा-वड्याच्या वेळी. कुणीतरी काका म्हणणारच, “इंग्रज होते तेच बरं होतं. घोडबंदरचे खड्डे बघा!” त्यांना गप्प करू नका, देशद्रोही तर अजिबात म्हणू नका. हातात माईक द्या. खड्ड्यांबद्दल ते खोटं बोलत नाहीत.

पुढचा मुद्दा ठाण्यात हमखास रेल्वेचा येतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यालाच आली, तेव्हा अभिमान बाळगा की! पण हेही सांगा, की कंपनी विलायतेची, तिच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी, आणि ती हमी इथल्या महसुलावर. तोटा झाला तर भरणार आपण.

मग कान्हेऱ्यांकडे या. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, सोबत कर्वे आणि देशपांडे, तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मुलांना हे सांगाल तेव्हा एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, “जॅक्सन वाईट होता का?” टाळू नका. तो संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा अधिकारी म्हणून ओळखला जायचा. गोळी घालणं बरोबर होतं का, यावर घराघरांत वाद होऊ देत. पण साहेब भला असो नाहीतर बुरा, त्याला नेमायला किंवा काढायला नाशिककरांना कुणी विचारलं होतं?

काकांना हे पटकन समजावायचं असेल तर बिल्डरचा काळ आठवून द्या. त्याच्या मॅनेजरच्या वेळी लिफ्ट जास्त चालायची म्हणतात. तरी सोसायटी ताब्यात आल्यावर ‘बिल्डरला परत बोलवा’ असा ठराव कुणी मांडला नाही.

इंग्रजी अमलात मत मालमत्ता, कर, शिक्षण बघून मिळायचं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मिळालं, आणि १९५१च्या जनगणनेत साक्षर होते जेमतेम १८ टक्के. अंगठा उठवणाऱ्या बाईचं मत जमीनदाराच्या मताइतकं! मला विचाराल तर वडे याच गोष्टीचे.

मात्र गोडगोड भाषण करू नका. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि नवघरला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. सरकार आपलंच होतं. नवी मुंबईत नातेवाईक असलेले शेजारी असतील, तर हे त्यांच्याच तोंडून ऐका. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली, तेही ते सांगतील.

वाद साडेनऊला थांबवा, नाहीतर वडे गार होतात. आणि मुलांच्या हातातले कागदी झेंडे गेटवरच परत घ्या, संध्याकाळी गटारात दिसता कामा नयेत.