मासेमारी बंदीचे ६१ दिवस : शुभवर्तमान एकत्र बसून कसे वाचावे

मे सरता सरता कोकण किनाऱ्यावर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल उडते. सुकट-बोंबील डब्यांत जातात, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद राहते. हे ६१ दिवस. शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र सांगणारे बायबलमधले पुस्तक. मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय १६, लूकचे २४, योहानाचे २१. बेरीज ६१. रोज एक अध्याय वाचला, तर बोटी पुन्हा पाण्यात जाईपर्यंत तीन शुभवर्तमाने वाचून होतात.

आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावायची रीत जुनीच आहे. ख्रिस्ती घरांनाही ती परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठी ओवीत छापले गेले, ते लोकांनी एकत्र बसून ऐकावे म्हणूनच. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत हे जमण्यासारखे आहे.

मुख्य म्हणजे हे थकलेल्या माणसासाठी आहे. बोटीचे हप्ते तुंबलेत, मुलगा जहाजावर आहे आणि त्याचा फोन लागत नाही, घरात दुखणे आहे, नुकतेच कुणी गेले आहे, किंवा कारण सांगता येत नाही पण मन कशातच लागत नाही, अशांसाठी. चर्चला जाणे वर्षानुवर्षे सुटलेले असेल, तरी चालेल.

सुरुवात तक्रारीपासून करा

दुःखी माणसाला पहिल्याच दिवशी आनंदाची वचने वाचून दाखवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. ती त्याला टोचतात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही तसे करत नाही. त्यातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकात १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. माणसे देवाला स्पष्ट विचारतात : किती दिवस? मला विसरलास का? माझ्यापासून तोंड का लपवतोस?

म्हणून १ जूनच्या आधीचा आठवडा फक्त स्तोत्रांना द्या. तेराव्यापासून सुरू करा. ते जेमतेम सहा वचनांचे आहे. मग ४२वे आणि १३०वे. ८८वे सगळ्यांत काळोखे. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपते. तरीही ते शास्त्रात ठेवले गेले आहे. ज्याला आज काहीच बरे वाटत नाही, त्याने हेच मोठ्याने वाचावे. इतके निराश बोलणेही प्रार्थनेत बसते, हे कळल्यावर कितीतरी माणसे पहिल्यांदा मोकळी रडतात.

विलापगीत हे बायबलमधले पुस्तकही या आठवड्यात जमल्यास वाचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्यानंतरचे ते शोककाव्य. अध्याय पाच. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन तिसऱ्या अध्यायात, म्हणजे बरोबर मध्यावर येते, आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा दुःखाकडे वळते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या पोफळी आणि नारळ आडवे झाले. तेव्हा बागा उभ्या राहायला किती वर्षे लागणार, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना या पुस्तकाची रचना समजावून सांगावी लागणार नाही. दुःख संपल्यावरच आशा बोलता येते असे नाही. दुःखाच्या मध्येही ती बोलता येते.

कोणते पुस्तक घ्यावे

घरात असेल ते घ्या. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत असते. भाषा थोडी जुनी वाटली, तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ टिपांसह आहे, नव्या वाचकाला त्याचा आधार होतो. बैठकीत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही घरे असतील तर एक लक्षात ठेवा : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. काही जुन्या कॅथलिक ग्रंथांत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांकही एकाने मागे असतो. गोंधळ नको म्हणून आधीच एक प्रत ठरवा आणि सगळ्यांनी त्याच प्रतीतून वाचा.

माणसे, जागा, वेळ

पाच-सहा जण पुरेत. दोघे-तिघे असले तरी भागते, मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूनेच तसे म्हटले आहे. एका घराचा व्हरांडा किंवा वाडीतल्या क्रूसाजवळची आडोशाची जागा चालेल. जागा बदलत राहिलात तर म्हाताऱ्या माणसांची पंचाईत होते, तेव्हा एकच ठरवा. वेळ रात्रीच्या जेवणाआधीची, पाऊण तास, त्याहून जास्त नाही. आपल्या फादरना किंवा पाळकांना कल्पना द्या. ही बैठक रविवारच्या मिस्सेची (कॅथलिक उपासनेची) किंवा प्रॉटेस्टंट उपासनेची जागा घेत नाही.

बोलावणे समोर जाऊन द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकून दुखावलेली माणसे येत नाहीत. “मावशी, संध्याकाळी या, बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं,” एवढे म्हणा. शेजारचे हिंदू किंवा मुसलमान घर येऊन बसले तर आनंदाने बसू द्या, त्यांच्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवू नका. जहाजावर किंवा आखातात असलेल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर घ्या. रेंज गेली तर जाऊ दे, त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करा.

बैठक कशी चालवावी

पहिली दोन मिनिटे गप्प. मग एक स्तोत्र, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने एकेक वचन. त्यानंतर त्या दिवसाचा अध्याय, एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचा. मोठ्याने आणि हळू. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होते. त्यांना आदल्या दिवशी चार वचने नेमून द्या, घरी आजीसमोर वाचून यायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गाणे धरावे.

अध्याय संपला की त्यातला मनात राहिलेला एक शब्द किंवा एक चित्र प्रत्येकाने सांगायचे. दोन वाक्ये, बस. कुणाला बोलायचे नसेल तर पुढच्याकडे वळा. इथे दोन नियम कडक पाळा. कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. आणि इथे ऐकलेले वाडीत जायचे नाही. हे दोन मोडले की बैठक मोडली.

शेवटी ज्याचे त्याने मागणे सांगावे, सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि एक गीत. कॅथलिक घरांत जपमाळेचा एक दशक किंवा लितानी (एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायची प्रार्थना) घालता येईल. गीतांसाठी दूर जायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातलेच, १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मलेले. त्यांची मराठी वळणाची गीते चर्चच्या गीतसंग्रहांत आहेत. टाळ आणि पेटी असली की म्हाताऱ्यांचेही आवाज लागतात.

वाटेतले चार मुक्काम

सगळे अध्याय सारखे नाहीत, चार ठिकाणी थांबावे लागेल.

२ जूनला मार्काचा दुसरा अध्याय येईल. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही, म्हणून छप्पर उघडून खाली सोडतात. येशूने पाहिला तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. खाटेवरच्याने काही मागितल्याचे लिहिलेलेच नाही. एकत्र प्रार्थना का करायची, याचे उत्तर मला इथे मिळते. ज्याला आज प्रार्थना सुचत नाही, त्याने नुसते येऊन बसावे. बाकीचे त्याला उचलतील.

४ जूनला वादळ. गालीलचा समुद्र खरे तर गोड्या पाण्याचा तलाव आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून खाली, भोवती डोंगर. वरून वारा उतरला की पाणी अचानक खवळते. शिष्यांतले काही जन्माचे मच्छीमार, तरी घाबरले, आणि येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपलेला. हा अध्याय वाचण्याआधी बैठकीतल्या एखाद्या जुन्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) बोलू द्या : वाऱ्यात सापडलात तेव्हा काय केलेत? मग वाचा. शिष्यांनी येशूला उठवले ते रागावूनच, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का, असे विचारत. त्याने आधी वारा शांत केला आणि मग त्यांना बोलला. त्या दिवशीचे स्तोत्र १०७वे ठेवा, त्यातही समुद्रावर जाणारी माणसे आहेत.

१६ जूनला मार्क संपतो. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो आठव्या वचनावरच थांबतो : कबर रिकामी आहे, आणि स्त्रिया भिऊन कुणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थानाची बातमी कळलेल्यांनाही आधी भीतीच वाटली. त्या दिवशी आपापली भीती बोलून दाखवा.

२१ जूनला लूकचा पाचवा अध्याय येतो. रात्रभर काही मिळाले नाही, सकाळी जाळी धुऊन ठेवली, आणि येशू शिष्य पेत्राला म्हणतो पुन्हा टाका. धुतलेले जाळे पुन्हा पाण्यात टाकायचे म्हणजे काय, हे इथे सांगायची गरज नाही. पेत्र कुरकुरतो, पण टाकतो. बैठकीतल्या प्रत्येकाने सोडून दिलेले एक काम आठवावे आणि त्या आठवड्यात ते पुन्हा हातात घ्यावे.

मन कोरडे राहिले तर

राहील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांचे राहते. तरी बैठक सोडू नका, फक्त बोलणे कमी करा आणि गाणे वाढवा. प्रार्थनेतून उमेद येते तेव्हा ती बहुधा कामातून दिसते. म्हणून आठवड्यातला एक दिवस वाचन आटोपते घ्या आणि वाडीतल्या एखाद्या आजाऱ्याकडे किंवा नुकते कुणी गेले त्या घरी सगळे मिळून जा. बरोबर पेज नाहीतर भाकरी न्या.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येते. गटातल्या कुणाच्या बोलण्यात असे काही आले, तर त्याच्याबरोबर दवाखान्यात जाणे हा त्या दिवशीचा अध्याय समजा.

३१ जुलै

या दिवशी योहानाचा शेवटचा अध्याय येतो. त्याची सुरुवातच पेत्राच्या ‘मी मासे धरायला जातो’ या बोलण्याने होते. येशूला मारले गेले, तो उठला, तरी या माणसांना दुसरे काही सुचले नाही म्हणून ती कामावर परतली. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे १५३ मोठे मासे, आणि किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर न्याहारी तयार. ज्यांना पहाटे बोट काढायची आहे त्यांच्यासाठी हा अध्याय वाचा आणि प्रत्येक बोटीचे आणि तिच्यावरच्या खलाशांचे नाव घेऊन आशीर्वाद मागा. शक्य असेल तर फादरना किंवा पाळकांना बोटींपाशी बोलवा.

ऑगस्टपासून रोजचे जमणार नाही. मग आठवड्याचा एक वार ठरवा आणि प्रेषितांची कृत्ये हे बायबलमधले पुढचे पुस्तक घ्या. त्याचे २८ अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर फेब्रुवारीपर्यंत पुरतात. बोटीवर असलेल्यांना त्या आठवड्याचा अध्याय मोबाइलवर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, बंदराला लागल्यावर ते ऐकतील.