नेट डळमळीत असताना कॉलवरचा आवाज कसा सांभाळावा

‘मी उद्या येणार नाही’ यातलं शेवटचं ‘नाही’ गळलं की निरोपच उलटा होतो. तो शब्द जेमतेम पाव सेकंदाचा. इंटरनेट कॉलमध्ये आवाजाची बहुधा २० मिलिसेकंदांची पॅकेटं करून पाठवतात, म्हणजे बारा-तेरा पॅकेटं रखडली की झालं. उशिरा आलेलं पॅकेट हरवल्यातच जमा असतं. म्हणून स्पीड टेस्टच्या आकड्यावर विसंबू नका. जुन्या जी.७११ कोडेकलाही (कोडेक म्हणजे आवाजाचा डिजिटल डेटा करण्याची पद्धत) सेकंदाला साधारण ८० किलोबिट पुरतात; अडतं ते पॅकेटं वेळेवर न पोचल्यामुळे.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. कॉम्प्युटरवरून राउटरलाच मिनिटभर पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते पाहा. तिथेच आकडे २, ४, १८०, ३ असे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. शक्य असेल तर सरळ लॅन केबल लावा, याला तोड नाही. नाहीतर राउटरजवळ बसा आणि ५ गिगाहर्ट्झचा बँड निवडा. ब्लूटूथ हेडसेटही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे त्या बँडवर गर्दी असेल तर वायरचे इअरफोन बरे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारा प्रतिध्वनीही त्यांनी थांबतो.

राउटरपर्यंत सगळं ठीक असेल तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग चालू ठेवून एक मोठी फाइल अपलोडला लावा. ४० चा आकडा ४०० वर गेला, तर तुमचं बोलणं त्या फाइलमागे रांगेत ताटकळतंय. बऱ्याच घरांत खरा चोर हाच असतो, आणि फोटोंचा बॅकअप गुपचूप हेच करत असतो. कॉलपुरता तो थांबवा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (डेटाची रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग साचत नाही.

लाइनच खराब असेल तर व्हिडिओ बंद करा. सॉफ्टफोनमध्ये (कॉल करायच्या ॲपमध्ये) कोडेक निवडता येत असेल तर ओपस घ्या आणि त्यातलं एफईसी चालू करा. ओपस ६ किलोबिटपर्यंत खाली उतरू शकतो, आणि एफईसीमुळे हरवलेलं पॅकेट पुढच्या पॅकेटमधून बऱ्यापैकी सावरता येतं. जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेटं थोडी थांबवून सलग वाजवणारा साठा) वाढवला तर तुटणं कमी होतं, पण उशीर वाढतो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालतं. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात. तेव्हा वाक्यं छोटी ठेवा, मध्ये थांबा, आणि तारीख, रक्कम किंवा नकार असेल तर समोरच्याकडून परत वदवून घ्या.