आधारगटाचं केंद्र काढताय? निदान या चुका तरी टाळा

दर दोन-चार महिन्यांनी फोन येतो. "ताई, आम्ही पण काढतोय तुमच्यासारखं केंद्र. उद्घाटनाला यायचं हं." कधी इथल्याच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून, कधी फुलेवाडीतून, कधी पार गडहिंग्लजहून. मानसिक आजारातून गेलेल्यांनीच एकमेकांसाठी चालवायचं, डॉक्टर हाताशी असावेत पण कारभार आपला, ही कल्पना मला इतकी प्रिय आहे की नाही म्हणवत नाही. मी फक्त विचारते, "आठवड्यातले दिवस कुठले, आणि किल्ली कुणाकडं?" पाहुणे ठरलेले असतात. फ्लेक्स छापायला गेलेला असतो. किल्लीचं म्हणे बघू.

वर्षाच्या आत तीच माणसं तोंड पाडून येतात. बैठकीला कुणी फिरकत नाही, स्वयंसेवक आजारी पडले, दोघांत पैशावरून वाजलं. कारणं विचारली की घूम-फिरून तीच.

फ्लेक्सचा सोस

आपल्याकडं वाढदिवसाला फ्लेक्स, दहावीच्या निकालाला फ्लेक्स, म्हशीनं नंबर काढला तरी फ्लेक्स. हौस आहे, असू दे. पण जिथं माणूस चार लोकांत तोंड उघडायलाच सहा महिने घेतो, तिथं त्याचा चेहरा चौकात टांगायचा नसतो.

एका केंद्राचं उद्घाटन १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा मुहूर्त साधून झालं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, नेहमीचं सगळं. ऐन वेळी संयोजकांच्या डोक्यात आलं, शुभार्थींचा पण सत्कार करू. (आजार ज्याला आहे तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर, असं आम्ही म्हणतो.) "धाडसानं पुढं आलेत, कौतुक नको का?" सगळ्यांना स्टेजवर घेतलं, हातात एकेक गुलाब दिलं. मागं बॅनर, बॅनरवर हातभर अक्षरात ‘स्किझोफ्रेनिया’. संध्याकाळपर्यंत फोटो तालमीच्या ग्रुपवर, गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर, दोघा-तिघांच्या स्टेटसला.

त्या रांगेत शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक मुलगा होता. औषधं वेळेवर, कामावर खाडा नाही. त्याचं लग्न जुळत आलं होतं. आजार लपवून लग्न करावं असं मी कधीच म्हणणार नाही, आणि तो लपवणारही नव्हता. मुलीला दुसऱ्या भेटीत सांगायचं, काय शब्दांत सांगायचं, याची तो गटात बसून तयारी करत होता. त्याआधीच मुलीच्या मामानं फोटो मोठा करून बघितला. निरोप आला, पत्रिका जुळत नाही. कारखान्यात सुपरवायझरनं त्याला मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं, तेही "तुझ्या काळजीपोटीच बाबा" असं म्हणत. मुलानं आधी केंद्रात जाणं सोडलं, मग गोळ्या. त्याची आई फाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळून आमच्याकडं आली आणि म्हणाली, "ते फोटो काढून टाकायला लावता येतात का हो?"

संयोजकांना विचारलं तर म्हणाले, आम्ही सगळ्यांना विचारलं होतं की. विचारलं होतं, पण कसं? स्टेजच्या पायरीवर, पाहुणे ताटकळत असताना, माईकवरून. त्याला संमती म्हणत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं आजारी माणसाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कलम २४ सांगतं की आस्थापनेत, म्हणजे मानसिक रुग्णालयासारख्या ठिकाणी, उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांकडं द्यायची नाही. आपलं केंद्र ‘आस्थापना’च्या व्याख्येत बसतं की नाही याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. आपण तो नियम आपल्यालाच लिहिलाय असं धरून वागावं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ पासून चालू आहे, जगभर आहे, आणि प्रसिद्धीत सभासदाचं पूर्ण नाव नको, चेहरा नको, हे त्यांच्या परंपरांमध्ये लिहूनच ठेवलंय. त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

आमच्या सवयी सांगते. जागा पहिल्या मजल्यावर घेतली, शेजारी शिकवणीचे वर्ग. जिन्यात दिसलेला माणूस कुणाकडं चाललाय हे खालच्या पानपट्टीवाल्याला कळत नाही. पाटीवर फक्त नाव, आजाराचा उल्लेख नाही. हजेरीच्या वहीत पाळण्यातलं नाव तेवढं, आडनाव नाही, कारण इथं आडनाव कळलं की पुढचा प्रश्न "कुठल्या गल्लीतले तुम्ही?" हाच येतो आणि तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप नाही, ब्रॉडकास्ट लिस्ट आहे, म्हणजे एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. (त्यासाठी प्रत्येकानं केंद्राचा नंबर सेव्ह करायला लागतो, नाहीतर निरोप पोचतच नाही. नावनोंदणीच्या वेळीच करून घ्या.) आणि महाद्वार रोडवर कुणी समोरून आलं तर मी आधी हाक मारत नाही. त्यानं ओळख दाखवली तर दाखवते. सोबतच्या माणसाला मी कोण म्हणून सांगायचं, ते त्याचं तो ठरवेल.

"मला पण व्हायचं तसं"

म्हणजे, माझ्या बाबतीतही असंच होत होतं. आपली सगळी ताकद याच वाक्यात आहे आणि सगळ्यात मोठा धोकाही यातच. तेरा दिवसांची कार्यशाळा करून आलेला नवा मदतनीस पहिल्याच बैठकीत गोळ्यांवर बोलायला लागतो. त्याला वाटतं, मी भोगलंय, मला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. स्वतःच्या अंगाचं कळत असेलही. समोरच्याच्या रक्तात काय चाललंय ते कसं कळणार?

इचलकरंजीकडच्या एका गटात एक बाई लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर होत्या. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास धरला, मीठ बंद, पाणी अगदी घोटभर. चौथ्या-पाचव्या दिवशी हात थरथरायला लागले. गटातल्या जुन्या, जाणत्या सभासदाला त्यांनी विचारलं. तो स्वतः लिथियम घेणारा. म्हणाला, "मला पण व्हायचं तसं. सवय होत्या." खोटं नव्हतं ते. लिथियमनं हात बारीक थरथरणं पुष्कळांना होतं. पण या बाईंना पुढं उलट्या झाल्या, जुलाब झाले, बोलणं जड झालं, चालताना तोल जायला लागला. घरचे म्हणाले, उपवासाचा अशक्तपणा. गटातून निरोप आला, "घाबरू नकोस, ताक पी." शेवटी जाऊबाईंनी कुणाचं न ऐकता रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. रक्तातली लिथियमची पातळी वर गेलेली. सलाईन, चार दिवस वॉर्ड, सुटल्या.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं, पातळी चढते. उन्हाळ्यात रानात राबणाऱ्याला हे होऊ शकतं, जुलाब लागलेल्याला होऊ शकतं. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही होऊ शकतं. म्हणून तर त्या औषधाला ठरावीक काळानं रक्ततपासणी असते, सोबत मूत्रपिंड आणि थायरॉइड बघतात. ही माहिती गटाला असलीच पाहिजे. निदान मात्र गटानं करायचं नाही. श्रावण, रमजान, नवरात्र तोंडावर आलं की आम्ही एकच निरोप धाडतो: उपवास धरणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलू नका.

आणि बैठकीत गोळ्यांचा विषय निघाला की आमच्याकडं दोनच वाक्यांना परवानगी आहे. "डॉक्टरांना सांगितलंस का?" आणि "चल, आत्ता फोन लावू." स्वतःचा अनुभव त्यानंतर, आणि त्यात मिलिग्रॅम येता कामा नये. नव्यांना हे फार जाचक वाटतं. वाटू दे. ‘मी सोडल्या, मला काय झालं’ म्हणणाऱ्याला मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा खुर्च्या मांडायच्या कामाला लावते. औषध नको वाटणं हा माणसाचा हक्क आहे, त्यावर डॉक्टरांशी भांडायला आम्ही त्याच्याबरोबर सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीत रांगेत उभे राहू. पण अचानक बंद करायचा सल्ला आमच्या छपराखाली मिळणार नाही.

"कधीही फोन कर"

हे म्हणणारा मदतनीस सहा महिन्यांत स्वतः ॲडमिट होतो. अतिशयोक्ती वाटत असेल तर जुन्या केंद्रांत चौकशी करा. बायपोलर (कधी टोकाची उदासी, कधी उन्माद) असणाऱ्याची झोप मोडली की तेवढ्यानंही उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि आपण त्यालाच रात्री दोनचे फोन घ्यायला बसवतो. केंद्राचा फोन वेगळा ठेवा, संध्याकाळी सहाला बंद करा. त्यानंतरसाठी टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून चालू. हा नंबर भिंतीवर लावून भागत नाही, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आपल्यासमोर सेव्ह करून घ्या.

‘पण माझ्यावाचून त्यांचं अडतं हो’ म्हणणाऱ्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

जिवाचं काही बोललं तर

"कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. नावनोंदणीच्या दिवशीच सांगायचं: इथलं बाहेर जाणार नाही, जिवाला धोका वाटला तर मात्र जाईल. आणि शंका आली की सरळ विचारायचं, "मरून जावंसं वाटतंय का?" विचारल्यानं डोक्यात भरतं ही समजूत चुकीची आहे, उलट विचारलं म्हणून हलकं वाटल्याचं शुभार्थीच सांगतात. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलावायचं, दवाखाना गाठायचा. शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी भावकीत कुणाकडं तरी हलवायला सांगायचं. उद्यावर टाकायचं नाही.

पोलीस केस होईल या भीतीनं दवाखाना टाळणारी घरं अजून आहेत. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होता असंच धरतात. त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. हे शुभंकरांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगा.

उरलेल्या, थोडक्यात

शुभार्थी आणि शुभंकर एकाच बैठकीत बसवू नका. आई समोर असताना पोरगा काय बोलणार?

‘एक रात्र राहू दे हो’ म्हणून कुणाला मुक्कामाला ठेवू नका. राहण्याची सोय केली की मामला नोंदणीचा होतो, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं जावं लागतं. माणुसकी दाखवायची तर नातेवाइकाकडं पोचवून या.

सभासदांनी एकमेकांना उसने पैसे द्यायचे नाहीत. शंभर रुपयेसुद्धा.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, दाखला मिळतो. माहिती द्या, मागं लागू नका. तो शिक्का सगळ्यांना नको असतो.

पावसाळ्याची तयारी जूनमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याचा हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शिरोळ-करवीरकडच्या लोकांच्या गोळ्या संपल्या आणि चिठ्ठी घरात, घर पाण्यात. डॉक्टरांना सांगून पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्यायला लावा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. केंद्राची कागदपत्रं तळमजल्यावर ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

कारभार कुणाचा

नावाला ‘शुभार्थींनी चालवलेलं’, आणि कार्यकारिणी बघावी तर दोन डॉक्टर, एक उद्योजक, एक निवृत्त प्राचार्य, आणि शुभार्थी चहा द्यायला. मतदानात निम्म्याहून जास्त हात आजार भोगलेल्यांचे नसतील तर ते नाव लावू नका. तालमीत वस्ताद असतो, पण हौद्यातली माती खाली-वर करायला सगळेच उतरतात. इथं मात्र संस्थापकाला ‘सर’ म्हणायला लागले की समजावं, बाकीच्यांनी फावडं खाली ठेवलं.

याच्या उलट टोकाची माणसंही आहेत. ‘आपण सगळे सारखे’ म्हणत हिशोब कुणीच ठेवत नाही. ट्रस्ट नोंदवलाय तर लेखापरीक्षण चुकत नाही, विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. खजिनदाराला उदासीचा झटका आला आणि चेकबुक त्याच्या कपाटात, असं झालेलं आहे. सही कुठल्याही दोघांची चालेल असा बँकेत ठराव द्या, म्हणजे एक जण आजारी पडला तरी भाडं थकत नाही. आजारी पडणं हे आपल्यात धरूनच चालायचं असतं, त्यात लाज कसली. किल्ल्या तीन करा, तिघांकडं द्या, आणि त्यातली एक तरी अशा माणसाकडं असू दे जो केंद्रापासून चालत येण्याच्या अंतरावर राहतो.