तीन नंबरचा इंजेक्टर आणि आतून तुटलेली वायर (माझा अनुभव)

गाडी आयडलला (उभी असून इंजिन चालू असताना) थरथरायची, पिकअप गेलेला आणि चेक इंजिन लाइट चालू. स्कॅनर लावला तर पी०२०३, म्हणजे तीन नंबर इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) सर्किटचा फॉल्ट. लोक लगेच इंजेक्टर बदलून मोकळे होतात, पण हा कोड सर्किटचा आहे, त्यात वायर, कनेक्टर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळंच आलं.

आधी सॉकेट काढून इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, १४ ओहम आला, बाकीचे तीनही तेवढेच (साध्या पेट्रोल इंजेक्टरला साधारण १२ ते १६ असतो). म्हणजे कॉइल ठीक. मग चावी ऑन करून सॉकेटच्या एका वायरला १२ व्होल्ट येतात का बघितलं, येत होते. दुसरी वायर ईसीयूकडे जाते, ईसीयू तिला अर्थिंग (निगेटिव्ह) देतो तेव्हाच इंजेक्टर उघडतो, म्हणून तिथे नॉइड लाइट (ईसीयूचा सिग्नल आला की चमकणारा छोटा टेस्ट दिवा) लावला आणि इंजिन चालू केलं, तर लाइट मध्येच लागायचा मध्येच बंद, म्हणजे सिग्नल तुटत होता.

इथे खरी मजा आली. बॅटरी काढली, ईसीयूचं सॉकेट सोडवलं आणि त्या वायरची कंटिन्युटी (या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का) बघितली तर मीटर मस्त बीप देतोय! पण हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवला की बीप गायब. ब्रॅकेटजवळ घासून तांबं आतून तुटलेलं, वरचं प्लॅस्टिक मात्र जवळजवळ जसंच्या तसं. तेवढा तुकडा कापला, नवीन वायर सोल्डर केली, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि हार्नेस ब्रॅकेटपासून लांब बांधला. कोड क्लिअर केला, परत आला नाही.

एक नक्की सांगतो, डायरेक्ट इंजेक्शन किंवा कॉमनरेल डिझेलला हे असं करू नका, तिथे इंजेक्टरला ६५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त येऊ शकतात.