‘डाउट’ वापरताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा माझा एक विद्यार्थी परवा मोबाईल पुढे करून म्हणाला, “सर, हा मेल बघता का? परदेशात पाठवायचाय.” लाल टॉवेलचा रंग पहिल्या धुण्यात सुटेल अशी शंका त्याला गिऱ्हाइकाला आधीच कळवायची होती. प्रामाणिक पोरगा. त्याने लिहिलं होतं, ‘वुई डाउट द रेड विल रन.’ व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, अर्थ मात्र नेमका उलटा: लाल रंग सुटेल असं आम्हाला वाटत नाही!

यात त्याची चूक नाही, आपण शब्दार्थ पाठ करतो त्या पद्धतीची आहे. वहीत ‘डाउट म्हणजे शंका’ लिहिलं की काम संपलं, असं आपण धरून चालतो. पण मराठीत शंका दोन तऱ्हेची असते. ‘चोर घरातलाच असावा अशी शंका आहे’ म्हणजे तसं वाटतंय. ‘तो येईल याबद्दल शंका आहे’ म्हणजे तसं वाटत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सस्पेक्ट’, दुसऱ्यासाठी ‘डाउट’. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलांची तर आणखी पंचाईत. घरी शंकेलाही ‘अनुमानम्’ आणि संशयालाही ‘अनुमानम्’, आणि शाळेत मराठीच्या तासाला अनुमान म्हणजे निष्कर्ष. कन्नड घरांतही तेच.

म्हणून लिहिण्याआधी ‘डाउट’च्या जागी ‘वाटत नाही’ घालून वाक्य मराठीत म्हणून बघा. जमलं तर ठेवा. नाही जमलं तर ‘सस्पेक्ट’. माणसाबद्दलही हेच: ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे त्यानेच केलं असावं. ‘आय डाउट ऑन हिम’ मात्र कुठेच बसत नाही.

‘सर, एक डाउट आहे’ आपल्याकडे चालतं, सगळे समजतात. परदेशी माणसासमोर ‘क्वेश्चन’ म्हणा. नाहीतर त्याला वाटेल, तुम्ही त्याचं म्हणणंच खोडताय.

उच्चारात ‘बी’ आणू नका. शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवायच आला. पुढे लॅटिन ‘दुबितारे’ हे मूळ दिसावं म्हणून पंडितांनी ते अक्षर स्पेलिंगमध्ये घातलं, जिभेने ते कधी स्वीकारलंच नाही. त्या ‘दुबितारे’चं नातं ‘दुओ’शी, म्हणजे दोनशी, आणि ‘दुओ’ हे आपल्या ‘द्वि’चं भावंड. मन द्विधा होणं, तोच डाउट! मला हा शब्द यासाठी फार आवडतो.

आता ‘नो डाउट’. आपण तो ‘शंकाच नको’ अशा ठामपणे वापरतो, पण इंग्रजीत बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘बहुधा’ एवढाच होतो. त्याच मेलच्या शेवटी होतं, ‘नो डाउट, माल सोमवारी पोचेल.’ तिथे आम्ही ‘डेफिनेटली’ घातलं. वर ‘वुई सस्पेक्ट द रेड मे रन’ केलं, लाल टॉवेल वेगळे धुवा अशी एक ओळ जोडली, आणि मेल पाठवला.