नगररचना शिकायला जाताय? आधी घरातला सातबारा काढा

बॅग भरायच्या आधी घरातली कागदांची पिशवी शोधा. ती बहुधा गोदरेजच्या कपाटात, आईच्या साड्यांखाली असते आणि मागितली की घरात एकदम शांतता पसरते. आमच्या वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, "वाटणी मागायलास काय रे?" बी. प्लॅनिंगला प्रवेश मिळालाय म्हणून बघायचंय, हे पटवायला दोन दिवस गेले. तरी सोबत न्यायच्या यादीत मी हेच पहिलं टाकतो. गादी, लॅपटॉप, छत्री पुण्यात मिळते, भोपाळमध्ये मिळते, दिल्लीतही मिळते. सातबारासुद्धा आता ऑनलाइन निघतो. पण त्यातल्या नावांची हकीकत सांगणारं माणूस घरीच असतं.

आमचं घर सोलापूरच्या हद्दवाढ भागात. १९९२ साली महापालिकेची हद्द वाढली, आजूबाजूची गावं शहरात आली आणि त्या सगळ्या पट्ट्याला सोलापूरकर अजून 'हद्दवाढ'च म्हणतात. वडिलांनी तिथे एका शेतकऱ्याकडून एक गुंठा घेतला, शंभराच्या स्टँपपेपरवर, नोटरी करून. पिशवीतून सातबारा निघाला तो अख्ख्या गटाचा. कब्जेदाराच्या रकान्यात त्या शेतकऱ्याच्या घरातली चौदा नावं, त्यातल्या काहींना कंस पडलेला, म्हणजे ती रद्द. वडिलांचं नाव कुठेच नाही. खाली बारा नंबरात पीक लिहिलेलं: ज्वारी. म्हणजे सरकारी दप्तराप्रमाणे आमच्या स्वयंपाकघरात ज्वारी उभी होती. आई म्हणाली, "मग हुरडा तरी मिळायला पाहिजे की दरवर्षी."

दुसऱ्या वर्षी हेच सगळं अभ्यासात आलं, इंग्रजीतून. १९४७चा तुकडेबंदी कायदा, १९६६ची जमीन महसूल संहिता, अकृषिक परवानगी, गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागांसाठीचा २००१चा गुंठेवारी कायदा. गुंठेवारी नियमित करण्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना होती, २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. वर्गातली पोरं ह्या तारखा पाठ करत होती. मला आमची गल्ली आठवली की झालं. तेव्हा सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, जमतील तेवढे फेरफार म्हणजे नावबदलाच्या नोंदी, यांच्या झेरॉक्स घ्या. घर पेठेत असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. मूळ कागद घरीच राहू द्या, नाहीतर वडिलांना झोप लागायची नाही. आणि झेरॉक्सच्या पाठीवर लिहून घ्या: जागा कुणाकडून घेतली, रस्त्याला जागा कुणी सोडली, पाण्याची लाइन कुठल्या साली आली, वीज मीटर आधी कुणाच्या नावावर होतं.

मापांचा गोंधळ इथेच मिटवून टाका. घरचे गुंठ्यात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, बिल्डर स्क्वेअर फुटात आणि कॉलेज चौरस मीटरमध्ये. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एकर, अडीच एकरांना थोडा कमी हेक्टर. हे बोटांवर असलं पाहिजे. ज्यूरीपुढे, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, कॅल्क्युलेटर काढला की पोर कच्चं दिसतं.

प्रवेशाचं थोडक्यात उरकतो, कारण ते सगळे क्लासवाले सांगतातच. बारावीला गणित हवं. चार वर्षांच्या बी. प्लॅनसाठी जेईई मेनचा पेपर २बी: गणित, अभिक्षमता आणि नियोजनावरचे प्रश्न. चित्रकलेचा पेपर आर्किटेक्चरवाल्यांचा, तो आपल्याला नाही. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरचे प्रवेश जोसामार्फत, म्हणजे केंद्राच्या संस्थांच्या एकत्रित प्रवेश फेरीतून होतात. राज्यातल्या जागांसाठी सीईटी सेलच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. सिव्हिल, आर्किटेक्चर, किंवा भूगोल-अर्थशास्त्र-समाजशास्त्रात एम.ए. करूनही पुढे एम. प्लॅनला जाता येतं, त्याला गेट परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर आहे. एक गोष्ट मात्र ठळक लिहून ठेवा. ओबीसीचा राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला काढावा लागतो. माझ्या मित्राला हे कागद तपासणीच्या दिवशी कळलं. मग सेतूच्या रांगेत आम्ही दोघं उन्हात उभे, आणि तो दर पाच मिनिटांनी, "आधी सांगायचं होतंस की बे!"

शब्दांसाठी एक वही करा, दोन रकान्यांची. कॉलेजात सगळं एफएसआय, टीडीआर, डीपी. सोलापुरात कुणाच्या दारात उभं राहून एफएसआय म्हणालात तर माणूस तुम्हाला फायनान्सवाला समजेल. चटई क्षेत्र निर्देशांक, विकास हक्क हस्तांतरण, विकास आराखडा, आरक्षण, भोगवटा प्रमाणपत्र, गावठाण, बखळ, बोळ, वहिवाट. 'चटई क्षेत्र' ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. पण प्लॉटवर मजल्यामजल्यावर मिळून किती चटई अंथरता येईल, असं सांगितलं की आमच्या आजीलाही कळलं. उलट बाजूने 'वहिवाट' हा एकच शब्द इंग्रजीत सांगायला मला अर्धं पान लागलं. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली, तिची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. सगळी वाचू नका, वेड लागेल. व्याख्यांचं प्रकरण तेवढं वाचा.

यानंतर आराखडा. महापालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखड्याचा आपल्या भागाचा नकाशा बघायला मागा. पहिल्या खेपेला "साहेब मीटिंगला गेलेत" असं ऐकावं लागलं तर इंद्रभवनची जुनी इमारत बघून या, खेप फुकट जात नाही. नकाशात आपलं घर शोधा. पिवळ्यात आहे का, म्हणजे रहिवासी? निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा, लाल सार्वजनिक वापराचा, हिरवा मोकळ्या जागेचा. जवळपास एखादं आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, असतंच: बाग, शाळा, दवाखाना, रुंदीकरण. ते कागदावर बघून त्याच दिवशी त्या जागेवर जाऊन उभे राहा. बाग असेल तिथे पत्र्याचं गॅरेज दिसेल किंवा चार खोल्यांची चाळ. मग दोन कलमं आपोआप डोक्यात बसतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम २६, ज्यात प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. आणि कलम १२७, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाला नोटीस देण्याचा हक्क. शेजारच्या काकांना विचारा, हरकत घेतली होती का. बहुतेकांना ते ३० दिवस कधी आले नि गेले ते माहीत नसतं.

आता पायी सर्वेक्षण. यात माझी फजिती झालेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या सेमिस्टरला सरांनी आपापल्या गावातला एक भाग निवडून जमीन वापराचा नकाशा करायला सांगितला. मी अशोक चौकाच्या आतल्या गल्ल्या घेतल्या, पूर्व भाग. दिवाळीच्या सुट्टीत आलो, दोन दिवस हिंडलो, दारापुढच्या रांगोळ्या चुकवत प्रत्येक घरावर पिवळा रंग भरला आणि खूश होऊन परत गेलो. सर मूळचे इचलकरंजीचे. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुमच्या सोलापुरात टॉवेल झाडाला लागतात काय?"

दिवाळीत यंत्रमाग बंद असतात. मला आवाज आला नाही, म्हणून मला ते दिसलेच नाहीत. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या निमित्ताने आलो आणि त्याच गल्लीत पुन्हा शिरलो, तर खटखट अशी की समोरच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. एका घरात खाली सहा माग, वर माळ्यावर कुटुंब, जिन्याखाली सुताच्या कोनांची पोती, दारात म्हातारी बसून टॉवेलचे धागे कापतेय. जाळीच्या खिडकीवर कापसाची भुकटी साचून खिडकी जवळजवळ बुजलेली. आता याला पिवळा द्यायचा की जांभळा? मी दोन्हींचे तिरपे पट्टे ओढले आणि शेजारी तास लिहिले, माग किती ते किती चालतात. सरांनी त्या तासांवर पेन्सिलने गोल केला. मार्क बी प्लस.

तेव्हा निघण्याआधी एकदा तरी आपली गल्ली तीन वेळांना चाला: सकाळी सहाला, भर दुपारी आणि रात्री नऊनंतर. सुट्टीचा दिवस नको. पाऊल मोजून घ्या. ३० मीटरचा टेप जमिनीवर अंथरायचा, नेहमीच्या चालीने दहा वेळा चालायचं आणि सरासरी काढायची. माझं पाऊल ७४ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे चार पावलांत रुंदी संपणारी गल्ली तीन मीटरची, आणि तिथे अग्निशमनचा बंब वळत नाही. टेप काढला की माणसं गोळा होतात, रुंदीकरण आलं म्हणून घाबरतात. पावलं कुणाच्या लक्षात येत नाहीत. कुणी विचारलंच तर खरं सांगा, कॉलेजचं काम आहे. पूर्व भागात चार वाक्यं तेलुगूत येत असतील तर आत बोलावून चहा देतात, होटगी रस्त्याकडच्या गावांत कन्नडचं तसंच.

सोलापूरची तीन-चार कोडी सोबत घेऊन जा, चार वर्षं पुरतात. उत्तरं नेऊ नका. एक पाण्याचं: उजनी भरलेली असली तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून घरोघर हौद, बॅरल, मोटारी, एका गल्लीत किती जागा नुसतं साठवण्यात जाते ते मोजा. दुसरं घरांचं. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली, पुढे रे नगरची योजना ३०,००० घरांची. त्यातल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. इतक्या मोठ्या कामगार वसाहती देशात फार नाहीत. तिथे जाऊन एखाद्या मावशींना विचारा, विड्या द्यायला किती लांब जावं लागतं, रिक्षाला किती पडतात, पोरांची शाळा कुठे. तिसरं विमानतळाचं: होटगी रस्त्याच्या धावपट्टीच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी होती, ती जून २०२३ मध्ये पाडली. धावपट्टीजवळच्या बांधकामाच्या उंचीचे नियम नंतर वाचाल तेव्हा तो धुळीचा लोट आठवेल. चौथं सेटलमेंट. इंग्रजांनी ज्या जमातींना गुन्हेगार ठरवलं त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, कुंपण गेलं, पत्त्यात नाव राहिलं. नकाशावर ओढलेली एक रेघ माणसांना किती वर्षं पुरते, हे बघायला सोलापूरकराला पुस्तक लागत नाही.

जमलं तर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मागे अडुसष्ट लिंगांचा मार्ग चाला. भक्ती असो नसो, जुन्या गावाचा पसारा किती होता ते पायांना कळतं. आणि गड्ड्यात होम मैदान बघा: आराखड्यात मोकळी जागा, जानेवारीत अख्खं गाव.

सामानाचं फार नाही. लॅपटॉपची रॅम १६ जीबी घ्या, दिसण्यावर पैसे घालू नका. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीतच टाकून शिका आणि आपल्या वॉर्डाचा एक नकाशा करून बघा. पिवळी पेन्सिल दोन घ्या, ती आधी संपते. बटर पेपरचा रोल, ३० सेंटिमीटरची त्रिकोणी स्केलपट्टी, क्लिपबोर्ड, टोपी. पांढरे बूट नकोत. दोन हजारांची ड्रॉइंग किट विकणारे भेटतील, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षानंतर कुणी हातात घेत नाही. पुस्तकं आत्ता घेऊ नका. पॅट्रिक गेडिस हे नाव तेवढं लक्षात ठेवा. १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होता, आणि आधी पाहणी, मग आराखडा, हा धडा आपल्या क्षेत्रात त्याच्या नावावर सांगतात. दिवाळीत पाहणी करू नये, हे त्याने कुठे लिहिलंय का मला माहीत नाही.

नोकरीचं नातेवाईक विचारणारच. एमपीएससीतून सहायक नगररचनाकार होता येतं, नगररचना विभागात रचना सहायकाची पदं निघतात, खासगी सल्लागार कंपन्या आहेत. एवढं सांगितलं की काका गप्प बसतात. निदान पुढच्या लग्नापर्यंत.

राहिलं खाण्याचं. सबमिशनच्या रात्री मेस बंद असते आणि स्टुडिओ चालू. कडक भाकरी महिनाभर टिकते, वाकत नाही, नकाशांच्या रोलशेजारी बॅगेत उभी राहते. शेंगाचटणीचे दोन डबे न्या आणि दुसऱ्याबद्दल कुणाला सांगू नका.