उद्यानातला एक दिवस किंवा एक रात्र : आखणी परतीपासून सुरू करा

सहलीचं ठरलं की बहुतेक जण सामानाची यादी करायला बसतात. माझा आग्रह असा की यादीला हात लावण्याआधी परतीची वेळ पक्की करा. उद्यानाचं फाटक कधी बंद होतं, अंधार कधी पडतो आणि आपल्यातला सगळ्यात हळू चालणारा माणूस गाडीपाशी किती वेळात पोहोचेल, एवढं कळलं की कुठली वाट घ्यायची, किती वाजता निघायचं आणि पाणी किती न्यायचं हे बरंचसं आपसूक ठरत जातं. हे न ठरवता निघालं की दिवस मजेत सुरू होतो आणि शेवटच्या दोन तासांत सगळ्यांची दमछाक होते.

इथे उद्यान म्हणजे घराजवळची बाग नव्हे. डोंगर, रान, तळं किंवा किनारा सामावणारी, सरकारने किंवा स्थानिक संस्थेने सांभाळलेली, सगळ्यांसाठी खुली असलेली मोठी उद्यानं मला अभिप्रेत आहेत.

कोण येणार, त्यावरून उद्यान निवडा

प्रसिद्ध ठिकाण आधी ठरवायचं आणि मग त्यात माणसं बसवायची, ही पद्धत उलटी आहे. चार वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीचे आजोबा बरोबर असतील, तर सपाट वाट, सावली, बसायला बाक आणि जवळ स्वच्छतागृह असलेलं साधंसं उद्यानच चांगलं. चाकाची खुर्ची जाईल अशा वाटा बऱ्याच उद्यानांत असतात. पण वाट कागदावर सुगम असली तरी मध्येच पायऱ्या किंवा वाळू लागू शकते, म्हणून कार्यालयात फोन करून विचारलेलं बरं. तो फोन करायला लाजू नका. कुठला पूल दुरुस्तीला आहे, कुठली वाट बंद आहे, कुठल्या नळाला पाणी नाही, हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. संकेतस्थळावर ते अनेकदा उशिरा येतं.

पहिल्यांदाच तंबूत राहणार असाल तर घरापासून दोन-अडीच तासांच्या आतलं ठिकाण घ्या. पाऊस आला किंवा मुलाला बरं वाटेनासं झालं, तर रात्री उठून घरी येता आलं पाहिजे.

बुकिंग आणि नियम

तंबूच्या जागांचं बुकिंग अनेक ठिकाणी काही महिने आधी सुरू होतं आणि सुट्टीच्या तारखा बघता बघता भरतात. तारीख हुकली तरी आशा सोडू नका. सहलीच्या आधीच्या आठवड्यात लोक बेत रद्द करतात आणि जागा पुन्हा मोकळ्या होतात. रोज एकदा बघत राहा. जमत असेल तर आठवड्याच्या मधला दिवस धरा, गर्दी निम्म्याहून कमी वाटेल. दिवसाच्या फेरीला बुकिंग लागत नसलं तरी गाड्या लावायची जागा भरली की फाटकावरूनच परत पाठवणारी उद्यानं आहेत. सकाळी लवकर पोहोचणं हाच त्यावरचा उपाय.

नियमांचं पान पूर्ण वाचा. शेकोटी चालते का, कुत्रा आणता येतो का, पोहायला परवानगी आहे का, ड्रोन उडवता येतो का, एका जागेवर किती माणसं आणि किती तंबू चालतात, मोठ्या गटाला वेगळी परवानगी लागते का, आवाज किती वाजेपर्यंत, हे सगळं तिथे असतं. बरोबरच्या प्रत्येकाला हे नियम निघण्याआधी सांगा. फाटकावर पोहोचल्यावर कळलं की घोडं तिथेच अडतं.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब मांडला, तो आजही उपयोगी पडतो : सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर 600 मीटरला वर एक तास. हा धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. मुलं किंवा नवखे बरोबर असतील तर येणाऱ्या वेळेची दीडपट करा आणि थांबे त्यात वेगळे मिळवा.

उदाहरण घेऊ. वाट जाऊन-येऊन 8 किलोमीटर, चढ 300 मीटर. हिशेबाने झाले साधारण दोन तास सहा मिनिटं. दीडपट केल्यावर तीन तासांच्या थोडं वर. खाणं, फोटो, बुटात शिरलेला खडा, वाटेत दिसलेला पक्षी, यांना एक तास. म्हणजे सव्वाचार तास. फाटक 6 वाजता बंद होत असेल तर साडेपाचला गाडीपाशी हवं आणि अडचणीसाठी एक तास हाताशी हवा. म्हणजे साडेचारला चालणं संपलं पाहिजे आणि सव्वाबाराच्या आत सुरू झालं पाहिजे. ही सुरुवातीची शेवटची वेळ झाली. उन्हाचा विचार केला तर सकाळीच निघावं.

याच हिशेबातून मागे फिरायची वेळही काढा. वरच्या उदाहरणात ती सव्वादोन येते. सव्वादोन वाजले की शिखर समोर दिसत असलं तरी वळायचं, हे सकाळीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. पाय थकलेले असताना आणि टोक जवळ दिसत असताना असा निर्णय घेणं फार जड जातं.

सूर्यास्ताचा अंदाज हातानेही घेता येतो. हात लांब करून बोटं आडवी धरा आणि क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. ध्रुवांकडच्या प्रदेशात सूर्य तिरका उतरतो, तिथे हा अंदाज लागू पडत नाही. दाट झाडीत आणि दरीत अंधार सूर्यास्ताच्या आधीच दाटतो, म्हणून दिवसाच्या फेरीलाही प्रत्येकाकडे बॅटरी असावी. मोबाइलचा उजेड त्यात धरू नका, मोबाइल मदत मागण्यासाठी राखून ठेवा.

पाणी आणि हवामान

चालताना माणशी तासाला अर्धा लिटर पाणी धरा, कडक उन्हात जास्त. मुक्कामात पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला चार लिटर लागतात. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो होतं, त्यामुळे तिथे नळ आहे की नाही यावर पाठीवरचं ओझं ठरतं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं, उकळू द्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून हा जादा वेळ. हिरवा तवंग आलेल्या साचलेल्या पाण्याला मात्र हात लावू नका. त्यातली विषं उकळून जात नाहीत.

हवामानाचा अंदाज बहुधा पायथ्याच्या गावाचा असतो. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, वारा त्याहून बोचरा लागतो. गडगडाट ऐकू आला की उघडा माथा, एकटं झाड आणि पाणी सोडून पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. तंबू विजेपासून वाचवत नाही.

मुक्काम करणार असाल तर

नवा तंबू आधी एकदा घरी उभारून बघा. कुठली दांडी कुठे जाते हे अंधारात, पावसात शिकायची वेळ येऊ नये. तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपणारी माणसं, सामान त्यात धरलेलं नसतं. दोघं असाल तर तिघांचा घ्या.

उजेड असताना पोहोचा, म्हणजे जागा नीट बघता येते. नेमून दिलेल्या जागेतही तंबू कुठे लावायचा हे आपल्या हातात असतं. आधी वर बघा : सुकलेली, लोंबकळणारी फांदी डोक्यावर नको. मग खाली बघा : कोरडा ओहोळ किंवा खोलगट भाग नको, पाऊस झाला की पाणी तिथेच येतं आणि रात्रीची थंड हवाही तिथेच साचते. किंचित उतार असेल तर डोकं चढाच्या बाजूला येईल असं लावा.

तंबूखाली अंथरायचं कापड तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. हे बारीक काम आहे, पण रात्र कोरडी जाणार की ओली, हे त्यावर ठरतं. कड बाहेर राहिली की तंबूवरून ओघळलेलं पाणी कापडावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली जमतं. चारही बाजू तळाखाली दुमडा. खुंट्या तिरप्या ठोका, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, म्हणजे दोरीच्या ओढीने त्या उपटत नाहीत. आकाश निरभ्र असलं तरी वरचं आच्छादन ताणून बांधा आणि हवेची झडप उघडी ठेवा. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ कापडाला लागून थेंब होतात, झडप बंद असली की सकाळी सगळं दमट.

थंडी वाजली की लोक जाड झोपायची पिशवी (स्लीपिंग बॅग) शोधतात. मी आधी चटईकडे बघायला सांगेन. अंगाखाली दबलेल्या पिशवीत हवा उरत नाही, त्यामुळे खालून ऊब मिळत नाही आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. हवा भरायची किंवा फोमची चांगली चटई हाच त्यावर इलाज. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, कोरडे ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. तंबूत स्टोव्ह, कंदील किंवा निखाऱ्यांचं घमेलं कधीही नेऊ नका, थंडी कितीही असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विझत आलेले निखारेही तितकेच घातक.

शेकोटी

परवानगी असेल तरच, बांधलेल्या चुलाणातच, आणि वारा सुटलेला नसताना. लाकूड घरून आणू नका, तिथलंच घ्या. लाकडाच्या आत किडीच्या अळ्या असतात आणि त्या गाडीत बसून नव्या रानात पोहोचतात. अमेरिकेत 2002 मध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली आणि त्याच्या दूरवर पसरण्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा वाटा होता.

झोपण्याच्या किमान अर्धा तास आधी विझवायला घ्या. पाणी ओता, काठीने राख ढवळा, खालचे निखारे वर आणा, पुन्हा ओता. फुसफुस थांबल्यावर हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. धग लागत असेल तर पुन्हा पाणी. नुसती माती टाकून चालत नाही, आतली आग तासन् तास धुमसत राहते.

खाणं, प्राणी, कचरा

पहिल्या मुक्कामाला साधा स्वयंपाक ठेवा, चिरणं आणि भाजणं घरीच उरका. तंबूत खाण्याचा कणही ठेवू नका. टूथपेस्ट, साबण, सुगंधी क्रीम यांच्या वासानेही प्राणी येतात, तेही बंद गाडीत किंवा उद्यानाने दिलेल्या पेटीत ठेवा. अस्वलांच्या प्रदेशात याचे नियम अधिक कडक असतात, ते तंतोतंत पाळा. प्राण्यांना खाऊ घालू नका. माणसाच्या हातचं खायला सोकावलेला प्राणी पुढे अंगावर येतो आणि मग त्यालाच पकडावं किंवा मारावं लागतं. अंतर किती ठेवायचं ते उद्यान सांगतं. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून 91 मीटर, बाकीच्या बहुतेक प्राण्यांपासून 23 मीटर, असा नियम आहे. प्राण्याने चरणं थांबवून तुमच्याकडे बघितलं, तर आकडा काहीही असो, तुम्ही फार जवळ आहात.

स्वच्छतागृह नसेल आणि खड्डा करायला परवानगी असेल तर पाणी, वाट आणि तंबू यांपासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटीमीटर खोल खणा आणि बुजवा. ओले टिश्यू (वेट वाइप्स) आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे. फळांची सालंही तशीच, ती कुजायला महिने घेतात.

गवतातून फिरून आल्यावर गोचिडी तपासा : गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, मुलांच्या केसांत. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.

घरी कुणाला तरी सांगून जा

उद्यानाचं नाव, वाट, गाडीचा क्रमांक, परतीची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचं, हे लिहून द्या. नुसतं 'संध्याकाळी येतो' पुरत नाही. उद्यानाचा आणीबाणीचा क्रमांक कागदावर टिपून घ्या, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. सिग्नल नसलेल्या भागात फोन विमान मोडवर टाका, सिग्नल शोधण्यातच त्याची बॅटरी संपते. आणि सुखरूप पोहोचल्यावर ज्याला सांगितलं होतं त्याला आठवणीने कळवा, नाहीतर शोधपथक विनाकारण निघतं.

निघताना आणि घरी

तंबू काढल्यावर जागेवरून एक फेरी मारा. खुंट्या, दोरीचे तुकडे, प्लास्टिकची टोकं हमखास राहतात. बेत रद्द झाला असेल तर बुकिंग वेळेवर सोडा, कुणीतरी त्या जागेची वाट बघत असतं. तंबू कोरडा दिसला तरी घरी पोहोचताच उलगडून वाळत घाला. शिवणीत दमटपणा राहिला की बुरशी धरते. पिशवीतलं काय वापरलंच नाही आणि काय कमी पडलं हे त्याच दिवशी लिहून यादीसोबत ठेवा. प्रथमोपचाराची पेटी आणि पावसाळी कोट मात्र न वापरलेल्यांत आले तरी पुढच्या वेळी काढू नका.